गिटारच्या पोटातली वायरिंग

कुंभकोणमजवळ तंजावरात फणसाच्या लाकडाची वीणा घडते. तिचं पोकळ पोट नाद वाढवतं. सेमी-हॉलो गिटारही पोकळ असते. पण 1958च्या गिब्सन ईएस-335पासून तिच्या मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा असतो, म्हणून मोठ्या आवाजात ती कमी शिट्टी मारते.

गिटार घरघरते म्हणून लगेच नवा पिकअप घेऊ नका. तारांना हात लावूनही घरघर कमी होत नसेल, तर ब्रिजला जाणारी अर्थची वायर तुटलेली असू शकते. हाताला झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथंच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग तपासून घ्या. हा जिवाचा प्रश्न आहे.

अर्थ ठीक असेल, तर हम्बकर बसवा. त्याच्या दोन कॉइल आणि त्यांचे चुंबकीय ध्रुव परस्परांच्या उलट असतात. त्यामुळे विजेची 50 हर्ट्झची घरघर खोडली जाते, तारेचा सूर मात्र बळावतो. त्याला 500 किलोओहमचे पॉट लावतात.

अशा गिटारला बहुधा मागे झाकण नसतं. सगळं काम एफ-आकाराच्या भोकातून करावं लागतं. आधी जोडणीची आकृती काढा. प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधून मगच तो आत ढकला; त्याच दोऱ्यानं नवा पॉट जागेवर येतो. सोल्डरिंग बाहेर पुठ्ठ्यावर करून तपासा.

रायफल खोलताना भाग क्रमानं मांडतो ना, तीच शिस्त इथंही पाळा.