अंगणातली भिंत आणि तिच्यामागचे पाणी

घराभोवतीच्या बागेत भिंत बांधायची ठरली की दगड कोणता, सांधे कसे, वर गिलावा करायचा की नाही, हे प्रश्न आधी निघतात. भिंत कशावर उभी राहणार आणि तिच्यामागे काय साचणार, हे प्रश्न मात्र पुष्कळदा पहिल्या पावसाळ्यानंतरच सुचतात. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, हा उलटा क्रम विशेष महागात पडतो. जिल्ह्याचा जवळजवळ सगळा पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा, म्हणजे बेसॉल्टचा असला, तरी त्यावरचे आवरण कुठे उघडा कातळ, कुठे मुरूम, तर कुठे पुरुषभर खोल काळी माती असे झपाट्याने बदलते. शिवाय नगर शहरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, घाटमाथ्यावरच्या घाटघरला, तो कित्येक हजार मिलिमीटरवर जातो.

बागेतल्या भिंतींचे मुळात दोन वर्ग पडतात. एक कुंपणाची भिंत, जिला फक्त स्वतःचे वजन आणि वारा सांभाळायचा असतो. दुसरी धारक भिंत, जी उतारावर वरच्या पातळीची माती अडवून धरते. दोन्ही बाहेरून सारख्या दिसत असल्या, तरी कुंपणाच्या मापाने धारक भिंत बांधणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. मातीचा आडवा दाब खोलीबरोबर वाढत जातो, त्यामुळे भिंतीवरचा एकूण रेटा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साधारण मुरमाड, कोरड्या मातीसाठी हिशेब केला, तर एक मीटर उंच भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ३०० किलो वजनाइतका रेटा येतो आणि दोन मीटर उंचीला तोच सुमारे १,२०० किलो होतो. हा रेटा तळापासून एक-तृतीयांश उंचीवर एकवटल्यासारखा काम करतो, म्हणजे उंचीबरोबर त्याची तरफही लांबते. म्हणून उंची दुप्पट केली की भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट होतो. एका उंच भिंतीऐवजी दोन बुटक्या भिंती, मध्ये पुरेसे अंतर सोडून, टप्प्याटप्प्याने बांधाव्यात हा सल्ला देखाव्यासाठी दिला जात नाही, तो या आठपटीतून आलेला आहे.

हा सारा हिशेब कोरड्या मातीचा झाला. मागची माती पाण्याने पूर्ण भरली आणि पाण्याला वाट नसली, तर त्याच एक मीटर उंचीच्या भिंतीवरचा रेटा साडेसहाशे किलोच्या घरात, म्हणजे दुपटीहून वर जातो. कारण मातीचे कण एकमेकांना घर्षणाने धरून ठेवतात आणि त्यांच्या वजनाचा काही भागच आडवा ढकलतो, पाणी मात्र खाली जितके दाबते तितकेच आडवेही दाबते. जिल्ह्यातील प्रवरेवरचे, १९२६ साली पूर्ण झालेले, सुमारे ८२ मीटर उंचीचे भंडारदरा धरण ही निव्वळ वजनाच्या बळावर पाणी अडवणाऱ्या दगडी भिंतीची भव्य आवृत्ती होय. त्यालाही १९६९ साली तडे आणि गळती दिसल्यावर पुढे आधारभिंतींनी बळकटी द्यावी लागली. धरणाला पाणी अडवणे भाग असते, बागेतल्या भिंतीला ते मुळीच करायचे नसते. तरीही अनेक सिमेंटबंद भिंती नकळत छोटी धरणे होऊन बसतात. मागे फूटभर जाडीचा खडीचा थर आणि भिंतीत ठरावीक अंतरावर बारक्या नळ्या घालून ठेवलेली पाझर-छिद्रे, एवढ्या खर्चाने हा जादा रेटा टळतो.

चुना-सिमेंटाशिवाय नुसते दगड रचून केलेल्या गडग्याला छिद्रेही लागत नाहीत, कारण त्याचे सांधेच पाणी सोडतात. मात्र नीट रचलेला गडगा ही ढिगारा घालण्याइतकी सोपी गोष्ट नव्हे. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून थोडी अधिक ठेवावी लागते, दर्शनी बाजू मातीच्या दिशेने किंचित कललेली असावी लागते, मधूनमधून जाडीत खोलवर शिरणारे लांब दगड घालावे लागतात आणि पोकळ्यांत चिपा घट्ट ठोकाव्या लागतात. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार येथील पाणलोटाच्या कामांनी जे अनघड दगडांचे बांध परिचित केले, त्यांतही पाणी पूर्ण अडवण्यापेक्षा त्याचा वेग मोडून गाळ धरणे, हेच तत्त्व आहे. तारेच्या जाळीच्या पेटीत दगड भरून केलेली गॅबियन भिंत ही याच कुळातील. कुशल गवंडी मिळत नसेल तेव्हा ती अधिक भरवशाची.

काळ्या मातीचे प्रकरण वेगळे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असते; पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा जमिनीवर उथळ पायाची विटांची लांब भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते, थोडी खचते, आणि तिरक्या भेगा पडून तुटते. मुरूम हाताशी असेल तिथपर्यंत पाया नेणे हा उत्तम उपाय; ते शक्य नसेल, तर पाया रुंद खोदून काळी काढून मुरूम ठोकून भरणे, भिंतीत ठरावीक लांबीवर सांधा सोडणे आणि मागच्या भरावातही काळी न वापरणे हे आवश्यक ठरते. भिंतीलगत भरपूर पाणी लागणारे वाफे करणे म्हणजे ही फुगवट आपणहून ओढवून घेणे होय. गडगा अशा हालचालीला तडा न जाता बसतो-उठतो, आणि निखळलेला दगड पुन्हा बसवता येतो. काळ्या रानातल्या बागेसाठी, उंची मीटरभर असेल तर, त्याच्याइतकी समंजस निवड दुसरी नाही.

मातीच्या भिंतीला हसण्याचे कारण नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादला ताम्रपाषाणयुगीन वस्तीची घरे मातीच्याच भिंतींची होती आणि नगरचा भुईकोट किल्लाही आरंभी मातीचा होता. हुसेन निजामशाहाने तो दगडी केला १५५९ नंतर. गावठाणातल्या पांढऱ्या मातीच्या गढ्या आज ढासळतात त्या बहुधा वरचे आच्छादन गेल्यामुळे. बागेत आडोशाची बुटकी मातीची भिंत करायची तर तळाला दोन फूट दगडी जोते आणि वर बाहेर डोकावणारी फरशी, एवढे पथ्य पुरते. धारक भिंत म्हणून मात्र ती बाद.

कुंपणाचा विचार करताना नगरच्या पठारावरचा वारा विसरता येत नाही. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्यासाठी. अखंड भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवऱ्यांसह लवकरच खाली येतो, तर निम्म्याच्या आसपास पोकळ असलेला आडोसा थोडा वारा जाऊ देऊन त्याचा वेग उंचीच्या दहापटीहून लांबपर्यंत कमी ठेवतो. म्हणून पश्चिमेकडे उंच विटांची भिंत घालण्यापेक्षा कमरेएवढा गडगा आणि त्याच्या आत मेंदीची किंवा शेराची दाट ओळ लावणे रोपांना अधिक मानवते. फक्त शेराचा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने लहान मुले खेळतात त्या बाजूला मेंदीच लावावी.