घेण्याचें माप आणि देण्याचें माप

राजकारणाचा विषय निघाला कीं आपल्या घरांतील माणसें कशीं बोलूं लागतात, याकडे वाचकांनीं कधीं बारकाईनें लक्ष दिलें आहे काय? एरवीं जीं माणसें वाण्याच्या हिशेबांतील रुपया-दोन रुपयांची चूक चटकन् पकडतात, एकादशी स्मार्तांची कोणती आणि भागवतांची कोणती यावर सप्रमाण बोलतात, त्यांची विवेचकबुद्धि आवडत्या पक्षाचें नांव निघतांच कोठें तरी दडी मारून बसते. प्रतिपक्षाच्या युक्तिवादांतील बारीक छिद्र त्यांना दुरून दिसतें. स्वपक्षाच्या युक्तिवादाला पडलेलें भगदाड मात्र दिसत नाहीं. हा दोष अडाण्यांचा आहे असें कोणी समजूं नये. उलट शिकलेल्या माणसांत तो अधिक आढळतो, कारण आवडीला तर्काचा पोशाख चढविण्याची कला विद्येनेंच साधते. आमच्याच घरांत घडलेली एक हकीकत सांगतों, म्हणजे माझें म्हणणें स्पष्ट होईल.

१९७७ सालच्या मार्च महिन्यांत लोकसभेची निवडणूक होऊन केंद्रांत जनता पक्षाचें सरकार आलें. उत्तर प्रदेशांतील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकीं काँग्रेसला एकही मिळाली नाहीं. १८ एप्रिल रोजीं गृहमंत्री चरणसिंग यांनीं काँग्रेसची सत्ता असलेल्या नऊ राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्रें लिहून, विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला आपण होऊन राज्यपालांना द्यावा, असें सुचविलें. कांहीं राज्यें सर्वोच्च न्यायालयांत गेलीं. परंतु सात न्यायमूर्तींच्या पीठानें त्यांचे दावे फेटाळले, आणि एप्रिलअखेर घटनेच्या ३५६ व्या कलमान्वयें नऊही राज्यांत राष्ट्रपति राजवट आली.

त्या वेळीं आम्ही सोळा माणसें एका वाड्यांत राहत होतों. माझे वडील, ज्यांना घरांत सर्व अप्पा म्हणत, ते जुने काँग्रेसवाले; धाकटे काका जनता पक्षाचे. आणीबाणींत काकांचे दोन जिवलग स्नेही तुरुंगांत होते, त्यामुळें त्यांचा पक्षाभिमान नुसता तोंडचा नव्हता. रात्रीचीं जेवणें आटोपून ओटीवर सुपारी कातरली जाऊं लागली कीं वाद रंगे. काका म्हणत, "लोकांनीं ज्यांना झिडकारलें त्यांनींच लखनौला आणि पाटण्याला राज्य करीत राहावें, हा लोकशाहीचा अपमान नव्हे काय?" अप्पा शांतपणें उत्तर देत, "लोकसभेचें मत निराळें, विधानसभेचें निराळें. दिल्लींत सरकार बदललें कीं दर वेळीं राज्यें मोडावयाचीं काय?" मी तेव्हां महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकत होतों. दोघांचेंही म्हणणें मला वजनदार वाटे आणि त्यांच्या निष्ठेविषयीं आदरही वाटे.

तीन वर्षांत चक्र फिरलें. जानेवारी १९८० मध्यें इंदिरा गांधी ३५३ जागा जिंकून परत आल्या, आणि १७ फेब्रुवारीला काँग्रेसेतर पक्षांचीं नऊ राज्य सरकारें त्याच कलमाखालीं दूर करण्यांत आलीं. शरद पवार यांचें पुरोगामी लोकशाही दलाचें मंत्रिमंडळ त्यांतच गेलें. जनता पक्ष त्या मंत्रिमंडळांत सामील असल्यामुळें काकांना तो घाव घरचाच वाटला. त्या रात्रीं अप्पा म्हणाले, "लोकांनीं कौल दिला आहे. आतां यांनीं खुर्ची कशाला अडवावी?" काका उसळून म्हणाले, "दादा, लोकसभेचें मत निराळें, विधानसभेचें निराळें!"

मी चमकलों. वाक्यें तींच होतीं. तोंडें तेवढीं बदललीं होतीं. "तीन वर्षांपूर्वीं तुम्ही काय म्हणत होतां?" असें काकांनीं विचारलें, "आणि तूं काय म्हणत होतास?" असें अप्पांनीं विचारलें, आणि हा प्रश्न आपल्यालाही तितकाच लागू आहे हें दोघांपैकीं एकाच्याही ध्यानांत आलें नाहीं. शब्दानें शब्द वाढला, काका उठून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघां भावांतील बोलणें बंद झालें. एका पंक्तीला बसत. परंतु मीठ हवें असलें तरी एकमेकांकडे न मागतां माझ्याकरवीं मागत. महिना लोटला तरी तेंच. एके दिवशीं काकूंनीं आईजवळ वेगळ्या चुलीची गोष्ट काढली, तेव्हां प्रकरण कोठवर आलें आहे तें आम्हांस कळलें.

आतां भावनेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून या युक्तिवादांची परीक्षा करूं. आपल्याकडे ही परीक्षा नवी नाहीं. सत्य कळावें म्हणून केला जातो तो वाद, जिंकावें म्हणून केला जातो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा नुसता मोडावयाचा ती वितंडा, असे चर्चेचे तीन प्रकार गौतमाच्या न्यायसूत्रांत सांगितले आहेत. खोट्या हेतूंचे, म्हणजे हेत्वाभासांचे, पांच प्रकार आणि वादांतील पराभवाचीं बावीस स्थानेंही तेथें मोजून दिलीं आहेत. त्यांपैकीं तीन दोष आमच्या ओटीवर त्या रात्रीं हजर होते.

पहिला दोष सव्यभिचार हेतूचा. जेथें धूर तेथें अग्नि, हें अनुमान टिकतें. जेथें अग्नि तेथें धूर, हें टिकत नाहीं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. उलट उदाहरण एक जरी सांपडलें तरी हेतु गळाला. 'लोकसभेंत पक्ष हरला, म्हणून राज्यांतही त्यानें विश्वास गमावला' या हेतूची तीच गत आहे. १९८० च्या लोकसभा निवडणुकींत तामिळनाडूंतील ३९ जागांपैकीं एम. जी. रामचंद्रन यांच्या पक्षाला अवघ्या दोन मिळाल्या होत्या. बरखास्त झालेल्या नऊ सरकारांत त्यांचें सरकार होतें. मे महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली तेव्हां त्याच मतदारांनीं त्यांच्या पक्षाला २३४ पैकीं १२९ जागा दिल्या आणि ते पुन्हां मुख्यमंत्री झाले. पुढें डिसेंबर १९८४ मध्यें कर्नाटकांतील २८ जागांपैकीं २४ काँग्रेसनें जिंकल्या. तेथील मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनीं स्वतः होऊन राजीनामा दिला व नवा कौल मागितला. आणि मार्च १९८५ मध्यें त्याच कर्नाटकानें त्यांच्या जनता पक्षाला विधानसभेंत स्पष्ट बहुमत दिलें. दिल्लीसाठीं एक आणि आपल्या राज्यासाठीं दुसरा, असा विचार मतदार करूं शकतो, हें एवढ्यानें सिद्ध होतें.

दुसरा दोष मतानुज्ञा. आपल्यावरील आक्षेपाचें निरसन न करतां 'तोच दोष तुमच्यांतही आहे' असें म्हणणें, याला हें नांव आहे. असें म्हणणारा आपला दोष नकळत मान्य करून बसतो, म्हणून शास्त्रकारांनीं त्याला पराभूत ठरविलें. 'जनता पक्षानेंच हा पायंडा पाडला' हें अप्पांचें मुख्य उत्तर होतें. पायंडा पडला होता हें खरें. परंतु जो १९७७ सालीं वाईट होता तो १९८० सालीं केवळ आपल्या हातीं आल्यानें चांगला कसा झाला? शेजाऱ्यानें आपल्या अंगणांत केर टाकला म्हणून आपण त्याच्या अंगणांत टाकला, तर दोन अंगणें घाण होतात. केर कमी होत नाहीं.

तिसरा दोष हेत्वंतर, म्हणजे पहिला हेतु टिकेनासा झाला कीं मागाहून दुसरा पुढें करणें. काका म्हणाले कीं, १९७७ सालच्या विधानसभा पांच वर्षें उलटून गेलेल्या होत्या. न्यायानें बोलावयाचें तर यांत तथ्य आहे. १९७२ सालीं निवडलेल्या विधानसभांची मुदत आणीबाणींतील बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें पांचांवरून सहा वर्षांवर नेली होती; १९८० सालीं महाराष्ट्राची विधानसभा मात्र अवघी दोन वर्षांची होती. दोन प्रसंग हुबेहूब सारखे क्वचितच असतात, आणि त्यांतील खरा भेद दाखविणें हा कांहीं दुटप्पीपणा नव्हे. परंतु तो भेद आपल्याला केव्हां आठवला, आणि आपण तो सर्वत्र लावतों काय, हें पाहिलें पाहिजे. उत्तर प्रदेश आणि ओरिसा येथील विधानसभा १९७४ सालच्या होत्या. त्यांचीं पांच वर्षें भरलीं नव्हतीं. त्याही बरखास्त झाल्या, तेव्हां काकांनीं त्यांच्याकरितां एक शब्दही उच्चारला नव्हता.

हें कलम कागदावरच राहील अशी आशा डॉ. आंबेडकरांनीं १९४९ सालीं घटना समितींत व्यक्त केली होती. ती फळली नाहीं. अखेर ११ मार्च १९९४ रोजीं बोम्मई खटल्यांत नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें या अधिकाराला बांध घातला. मंत्रिमंडळाला बहुमत आहे कीं नाहीं तें सभागृहांतच अजमावावें, राष्ट्रपति राजवटीची घोषणा न्यायालयाला तपासतां येईल, आणि लोकसभेंतील पराभव एवढेंच कारण पुरेसें नाहीं, असें त्या निकालांत आलें. म्हणजे अप्पा १९७७ सालीं जें म्हणत होते आणि काका १९८० सालीं जें म्हणत होते, तेंच शेवटीं ग्राह्य ठरलें.

राजकारणालाच कशाला नांवें ठेवावीं? लेकीनें वेगळा संसार थाटला तर जांवई समजूतदार, आणि मुलानें थाटला तर सून घर फोडणारी, हा न्याय आपल्या माजघरांत नित्य चालतो. दुसऱ्या पक्षांतून कोणी आपल्याकडे आला तर त्याची सदसद्विवेकबुद्धि जागी झाली, आणि आपल्यांतून कोणी गेला तर तो फितूर, हा त्याचाच मोठा भाऊ. यावर उपाय एकच आहे. मत देण्यापूर्वीं दोन्ही पक्षांचीं नांवें मनांतल्या मनांत अदलाबदल करून पाहावीं. नांवें बदलतांच मत बदलूं लागलें, तर तें तर्कानें बनलेलें नव्हतें असें खुशाल समजावें.

माझ्या आजीनें तर्कशास्त्राचें पुस्तक पाहिलें नव्हतें. कोठीची किल्ली मात्र तिच्या कमरेला असे. एके दुपारीं शेजारच्या वहिनी उसने नेलेले गहू परत करावयास आल्या. आजीनें मापट्यानें ते मोजून घेतले, त्यांना निरोप दिला, आणि दोघां मुलांना कोठीशीं बोलावलें. "परवां याच मापट्यानें दिले, आज याच मापट्यानें घेतले," ती म्हणाली. "देतांना एक आणि घेतांना दुसरें काढलें असतें, तर ती या घराची पायरी पुन्हां चढली नसती. तुम्ही दोघांनीं माझ्यासमोर माप बदललेंत, आणि रागावतां मात्र एकमेकांवर!"

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग अप्पा म्हणाले, "माझें तेव्हांचें बरोबर होतें, आतांचें नाहीं." काका खालीं पाहत म्हणाले, "दादा, माझें आतांचें बरोबर आहे, तेव्हांचें नव्हतें."

दोघांनींही आपला पक्ष अखेरपर्यंत सोडला नाहीं. मात्र त्या रात्रीं पंक्तींत काकांनीं मीठ अप्पांकडेच मागितलें, आणि वेगळ्या चुलीची गोष्ट आमच्या घरांत पुन्हां निघाली नाहीं.