डब्यातलं जेवण, काट्यावरचं वजन

‘वर्षभरात पंधरा टक्के वजन घटलं!’ अशी जाहिरात दिसली, की आधी विचारावं : सुरुवात किती जणांनी केली होती?

जेनी क्रेग ही कंपनी १९८३ मध्ये मेलबर्नमध्ये सुरू झाली आणि पुढे अमेरिकेत फोफावली. तिची पद्धत सोपी होती. मोजूनमापून केलेलं तयार जेवण पाकिटांतून मिळायचं, फळं-भाज्या ग्राहकानं स्वतः आणायच्या आणि सल्लागाराला दर आठवड्याला भेटायचं. २००१-०२ मध्ये तिच्याकडे नाव नोंदवलेल्या साठ हजारांहून अधिक लोकांची आकडेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभर टिकलेल्यांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या वर घटलं होतं. पण टिकले होते जेमतेम सात टक्के. निम्म्याहून जास्त लोक तर पहिल्या तीन महिन्यांतच गळाले होते. ज्यांना गुण येत नाही, ते बहुधा आधी सोडून जातात. मग उरलेल्यांची सरासरी चांगली दिसणारच.

म्हणून खरी परीक्षा म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून केलेली चाचणी. अमेरिकेत ४४२ स्थूल आणि जादा वजनाच्या महिलांवर अशी दोन वर्षांची चाचणी झाली आणि २०१० मध्ये तिचे निष्कर्ष आले. केंद्रावर जाणाऱ्यांचं वजन सरासरी ७.४ किलोंनी, फोनवर सल्ला घेणाऱ्यांचं ६.२ किलोंनी, तर नेहमीचा आहारसल्ला मिळालेल्यांचं २ किलोंनी घटलं. फरक खराच आहे. ९० टक्क्यांहून अधिक जणी दोन वर्षांनी वजन करून घ्यायलाही आल्या. मात्र त्यांना हे जेवण फुकट मिळत होतं आणि चाचणीचा खर्च कंपनीनंच केला होता. बाहेर याच कार्यक्रमाला महिन्याला सुमारे ५७० डॉलर पडत असल्याचं २०१५ च्या एका आढाव्यात नोंदवलं आहे. एवढ्या खर्चात किती जण दोन वर्षं टिकतील?

पाकिटातल्या पदार्थात तर काही जादू नाही. मग वजन घटतं कशामुळे? ताटात जास्त वाढलं की माणूस जास्त खातो, हे पेनसिल्व्हेनियात बार्बरा रोल्स यांनी प्रयोगांतून वारंवार दाखवलं आहे. पाकीट वाढण्याचं माप ठरवून टाकतं आणि ‘आज काय करायचं?’ हा रोजचा प्रश्नही मिटवतं. रीना विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट आणखी पुढे नेऊन तपासली. त्यांनी महिलांचे चार गट केले. एकाला नेहमीचं मार्गदर्शन, दुसऱ्याला त्यासोबत आठवड्याच्या जेवणाचा आराखडा आणि वाणसामानाची यादी, तर उरलेल्या दोन गटांना शिवाय प्रत्यक्ष अन्नही दिलं. एकाला फुकट, दुसऱ्याला पैसे घेऊन. १९९६ मध्ये निकाल आला. आराखडा मिळालेल्यांचं वजन नुसतं मार्गदर्शन मिळालेल्यांपेक्षा जास्त घटलं, पण अन्न दिल्यानं त्यात आणखी काहीच भर पडली नाही. या विषयातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष मला हाच वाटतो, कारण कागदावरचा आराखडा कुणालाही परवडतो.

पहिल्या पंधरवड्यातल्या घटीवर मात्र फार विसंबू नये. यकृत आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन खर्च होतं, तेव्हा त्याच्या जवळपास तिप्पट वजनाचं पाणीही शरीराबाहेर जातं. काटा झपाट्यानं उतरतो, पण ती सगळी चरबी नसते.

खरी कसोटी पाकिटं थांबल्यावर लागते. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं, की वजन घटवल्यानंतर वर्ष लोटलं तरी भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि भूक शमवणारी उतरलेलीच राहतात. त्यामुळे वजन परत वाढलं म्हणून कुणाला आळशी ठरवणं हा त्या माणसावर अन्याय आहे. घरच्या स्वयंपाकात माप कसं सांभाळायचं हे जो कार्यक्रम शिकवत नाही, तो माझ्या मते अपुराच आहे.

मुंबई-पुण्यातही आता मोजूनमापून केलेले डबे घरपोच येतात. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : नाव नोंदवलेल्यांपैकी वर्षभर किती टिकले, सोडून गेलेल्यांना हिशोबात धरलं आहे का आणि डबा बंद झाल्यावर काय करायचं? आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.