घोळका नको, रांग हवी

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ९, आताचा ६५) अणदूरवरून जातो. अशा रस्त्याकाठच्या गावांतली मुलेमुली सायकलीने शाळेला निघतात ती चार-पाच जणांच्या सोबतीने. सोबत चांगलीच; पण घोळका वेगळा आणि रांग वेगळी.

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर सरते, आणि भरलेला ट्रक त्यानंतरही लगेच थांबत नाही. तीन सायकली गप्पा मारीत शेजारी-शेजारी चालल्या, तर बाहेरच्या मुलाला वाचवायला वेळच उरत नाही.

म्हणून मुलांना एवढे शिकवा:

डाव्या कडेने, एकामागे एक चालावे. दोन सायकलींत निदान दोन सायकलींएवढे अंतर ठेवावे. सर्वांत पुढे जाणत्याने राहावे आणि वेग लहानांना झेपेल असा धरावा. दुसऱ्या जाणत्याने शेवटी राहून मागची गाडी दिसताच आवाज द्यावा. पुढच्याने खड्डा दिसताच हात करून सांगावे. एकाएकी ब्रेक दाबू नये. उजवीकडे जायचे असल्यास कडेला उतरावे, दोन्हीकडे पाहावे आणि सायकल हाताने नेऊन रस्ता ओलांडावा. दुभाजकातली वाट लांब आहे म्हणून उलट बाजूने मुळीच येऊ नये. उसाच्या ट्रॉलीला धरून जाण्याची मौज तर जिवावरच बेतते.

घंटी, ब्रेकचे रबर आणि चेन आठवड्यातून एकदा पाहावी. मागच्या मडगार्डला लाल रेडियम लावावे. थोड्या पैशांत होणारे हे काम पहाटेच्या धुक्यात मोलाचे ठरते.

आता मोठ्यांसाठी. रस्त्यावरची सगळी वाहने परक्यांची नसतात. ज्या घरातली लेक सायकलवर असते, त्याच घरातला बाप किंवा भाऊ ट्रॅक्टर नाहीतर मोटारसायकल चालवीत असतो. सायकलींच्या बाजूने जाताना वेग कमी करा, मध्ये तीन हात तरी जागा सोडा आणि अगदी जवळ येऊन कर्कश हॉर्न वाजवू नका. दचकलेले मूल नेमके गाडीकडेच वळते. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. पहिली पुढे गेली की मुलांना रस्ता मोकळा वाटतो, आणि दुसरी अजून यायची असते! म्हणून ती पूर्ण पुढे गेल्याशिवाय ट्रॅक्टर डावीकडे घेऊ नका. ट्रॉलीच्या मागे दिवा आणि रेडियम नसेल, तर अंधारात ती रस्त्यावर उभीही करू नका.

इतके करूनही अपघात झालाच, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मदतीला धावणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झाली आहे. तेव्हा बघ्यांत उभे राहू नका.

येत्या रविवारी मुलांना गावातल्या मोकळ्या रस्त्यावर रांगेने चालवून पाहा. सोमवारी शाळेला जाताना तीच शिस्त त्यांच्या अंगवळणी पडू लागेल.