फुकटचे वायफाय : पाटी ओळखीची, मालक कोण?

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात रेल्वेचे मोफत वायफाय सुरू झाले आणि पुढे ही सोय देशभरच्या हजारो स्थानकांवर पोहोचली. घरचा रिचार्ज संपला की फलाटावर बसून शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी, स्पर्धा परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेणारी आपली मुलेमुली आम्ही पाहिली आहेत. सोय गरिबाच्या कामाची आहे, तिला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. पण त्या गर्दीत एखादा तोतया वायफाय लावून बसला असेल तर तो ओळखावा कसा, हे घरातल्या सर्वांना ठाऊक हवे. कारण अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो. आईचे बँकखाते, बचत गटाचा हिशेब आणि मुलीची शिष्यवृत्ती सारे त्यातच.

वायफायचे नाव म्हणजे दुकानाची पाटी. ती कोणीही रंगवून घ्यावी! साध्या मोबाइलच्या हॉटस्पॉटलासुद्धा रेल्वेचे, दवाखान्याचे किंवा कॉलेजचे नाव देता येते, त्यासाठी कोणी परवाना विचारत नाही. एकाच नावाची दोन वायफाय जवळजवळ असली की फोन बहुधा ज्याचा जोर जास्त त्याला चिकटतो. शिवाय एकदा जोडलेले वायफाय फोन लक्षात ठेवतो आणि पुन्हा तेच नाव दिसले की न विचारता जोडून घेतो. तोतयाचे काम इथेच फत्ते होते.

हे सारे कल्पनेतले नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात देशांतर्गत विमानातील कर्मचाऱ्यांना प्रवासात एक संशयास्पद वायफाय दिसले. त्यांनी कळवल्यावर पोलिसांनी पर्थ विमानतळावर एका प्रवाशाचे सामान तपासले. त्यात हातात मावेल असे वायफायचे यंत्र, लॅपटॉप व मोबाइल सापडला. आसपासचे फोन कोणते वायफाय शोधताहेत हे ते यंत्र ऐके आणि त्याच नावाचे वायफाय तत्काळ उभे करी. जोडले गेले की एक पान उघडे : ईमेल किंवा समाजमाध्यमाच्या खात्याने आत या. लोकांनी पासवर्ड भरले, ते थेट त्याच्या हाती गेले. पुढे तो त्या खात्यांत शिरला; त्याच्याकडे स्त्रियांची हजारो खाजगी छायाचित्रे व चित्रफिती मिळाल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला सात वर्षे चार महिन्यांची शिक्षा दिली. विमान कर्मचाऱ्यांनी त्या नावाकडे कानाडोळा केला असता तर? आमच्या मते या प्रकरणातली खरी शिकवण तीच आहे.

तेव्हा ओळखायचे कसे? यादीत एकच नाव दोनदा, एकाला कुलुपाची खूण आणि दुसरे उघडे, असे दिसले तर उघड्याला हात लावू नये. नावात एखादे अक्षर कमी-जास्त असेल तर तेही संशयाचेच. पण कुलूप आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. चहाच्या दुकानात पासवर्ड भिंतीवरच लिहिलेला असतो. तो पाहून कोणीही तसेच कुलूपबंद वायफाय उभे करील. सर्वांत सोपा उपाय म्हणजे तिथल्या माणसाला विचारणे, ‘साहेब, तुमच्या वायफायचे नेमके नाव काय?’ विचारण्यात कमीपणा कसला? केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टही तपासून घ्यायला सांगितले होते. आपण तर फोनच्या पडद्यावरची पाटी तपासतो आहोत.

जोडल्यावर उघडणारे पान नीट वाचा. रेल्वेचे वायफाय मोबाइल क्रमांक विचारते आणि त्यावर आलेला ओटीपी मागते. तिथे ईमेलचा पासवर्ड, एटीएम कार्डाचा क्रमांक किंवा यूपीआयचा पिन मागितला तर ते पान लगेच बंद करावे. ओटीपीतही एक मेख आहे. तोतया तुमचा क्रमांक घेऊन तिकडे व्हॉट्सॲपमध्ये टाकतो. ओटीपी येतो तो व्हॉट्सॲपचा, आणि आपण तो वायफायचा समजून त्याच्या पानावर भरतो. म्हणून नुसते सहा आकडे पाहू नका, संदेश कोणाचा आहे ते पूर्ण वाचा. आईला इंग्रजी येत नसेल तर मुलांनी वाचून दाखवावे.

एक भीती मात्र काढून टाकली पाहिजे. तोतया वायफायला जोडले की खात्यातले पैसे आपोआप जातात, असे नाही. बँकेच्या व यूपीआयच्या ॲपमधला मजकूर सांकेतिक रूपात जातो, मधल्याला तो सहसा वाचता येत नाही. घात होतो तो आपण स्वतः खोट्या पानावर भरतो त्यामुळे, किंवा ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा आलेला असताना पुढे रेटतो त्यामुळे. तरीही पैशांचे काम स्वतःच्या मोबाइल डेटावरच करावे. बाहेरचे काम झाले की वायफाय बंद करावे, आणि सेटिंगमध्ये जाऊन ते नाव फोनच्या स्मरणातून काढून टाकावे.

आपल्या विहारांतील अभ्यासिका आणि वसतिगृहे यांनाही एक विनंती. वायफाय असेल तर त्याचे नेमके नाव फळ्यावर लिहा, उघडे ठेवू नका, आणि पासवर्ड गावभर झाला की बदला. एखाद्या विद्यार्थ्याने ‘आज दोन नावे दिसतात’ असे सांगितले तर त्याला हसू नका.

इतके करूनही पासवर्ड गेलाच, तर घरी येऊन रडत बसू नये आणि पोरीला रागावूही नये. आधी वायफाय तोडून मोबाइल डेटावर यावे, पासवर्ड बदलावा, बाकी सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढावे. पैसे गेले असतील तर बँकेला कळवून लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. हा क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.