बिग डेटा विपणन : सिद्धांत व मानवी अर्थनिर्णयनाची भूमिका

विक्रीव्यवहारांतून सतत जमा होणारी प्रचंड माहिती म्हणजे बिग डेटा होय. अशा माहितीमुळे सिद्धांताची गरज उरणार नाही, असे प्रतिपादन ख्रिस अँडरसन यांनी २००८ मध्ये केले. पंढरपूरच्या बाजारपेठेच्या संदर्भात ते तपासणे उद्बोधक ठरते. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, तर २०२४ मध्ये १७ जुलैला आली. केवळ इंग्रजी तारखांवर अंदाज बांधल्यास माल अकाली भरला जाईल; या फरकाचे कारण अधिक मासात आहे. तसेच २०२० व २०२१ मध्ये कोरोनामुळे पायी वारी नेहमीप्रमाणे झाली नाही. त्या वर्षांच्या आकड्यांवरून मागणी आटली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सारांश, आकड्यांमागील कारण सिद्धांत व स्थानिक जाण यांनीच उलगडते. अन्यथा लहान विक्रेत्याचे भांडवल अडकून पडते.