पहिली कोंबडी मेली, तेव्हाच सांगायला हवे होते

आमच्या आईने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. आमची बी.कॉम.ची परीक्षा फी भरली गेली तीही अंडी विकूनच. त्यामुळे कोंबड्यांतले आपल्याला सारे कळते, असा आमचा समज होता. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हा समज पंधरा दिवसांत धुळीला मिळाला. २५ पैकी २१ कोंबड्या गेल्या. हे दुःख आमच्यापुरतेच असते तर आम्ही गप्प बसलो असतो. पण आमच्या चुकीने शेजारच्या मावशीचेही खुराडे रिकामे झाले. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आम्ही तालुक्याच्या ठिकाणी कारकुनी करतो आणि राहतो गावच्या वस्तीत. परसात खुराडे. त्यात तेव्हा १४ मोठ्या कोंबड्या आणि ११ पिल्ले होती. आईच्या पश्चात ते सारे पत्नीच पाहते. अंड्यांच्या पैशातून मुलांच्या वह्या येतात, पाहुण्याला चहा-साखर होते, आणि अडीनडीला कोंबडा विकून दवाखाना भागतो. वीस तारखेनंतर पगारदाराचा खिसा रिकामा होतो, पण खुराड्यात सकाळी चार अंडी असतातच. कोंबडी म्हणजे घरातल्या बाईच्या हातातला रोख पैसा. 'कोंबडीच तर होती' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करून पाहावा.

त्या १४ मध्ये दोन तलंगा नव्या होत्या. आठवडी बाजारात त्या नेहमीच्या भावापेक्षा बऱ्याच स्वस्त मिळाल्या. आम्ही लगेच फायदा मोजला, पण एवढ्या स्वस्त का, हे विचारले नाही. घरी आणून त्याच रात्री त्यांना बाकीच्यांबरोबर कोंडले.

पाचव्या दिवशी त्यातली एक पंख पाडून कोपऱ्यात बसली. चोच उघडी ठेवून श्वास घेत होती. खाली हिरवट-पांढरी पातळ विष्ठा. सकाळी ती मेलेली आढळली. ऊन लागले असेल, असे म्हणून आम्ही तिला नाल्याच्या काठी टाकून आलो. तिसऱ्या दिवशी चार मेल्या. एकीची मान पिळल्यासारखी पाठीकडे वळली होती. ती दाणा टिपायला जाई आणि चोच भलतीकडेच पडे. ती आमच्या धाकट्या मुलीची चंद्री.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कोणी लसूण चारायला सांगितले, कोणी हळदीचे पाणी. एकाने तर तिकाटण्यावर उतारा टाकायला सांगितले. एक फेरीवाला म्हणाला, "ज्या अजून उभ्या आहेत त्या आजच बाजारात काढून टाका. निम्मे पैसे तरी हाती येतील." आम्ही क्षणभर डळमळलो, हे लपवत नाही. तेव्हा पत्नी म्हणाली, "ज्यानं आपल्याला त्या तलंगा विकल्या, त्यानंही असंच केलं असंल ना?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. कोंबड्या विकल्या नाहीत.

पण दुसरी चूक आमच्या हातून झालीच. आम्ही शेजाऱ्यांना सांगितले नाही. वस्तीत नाव होईल, पोरे हसतील, पुढे आपली अंडी कोणी घेणार नाही, अशी भीती वाटली. आमचा आणि मावशीचा उकिरडा एकच. तिच्या नऊ कोंबड्या दिवसभर आमच्याच कोंबड्यांत चरत. आठवड्याच्या आत तिच्या सगळ्या गेल्या. एक तर अंड्यांवर बसलेली खुडूक होती. मावशी एकटी बाई, त्या कोंबड्यांवर तिचे तेलमीठ चाले. ती भांडली नाही. दारात उभी राहून एवढेच म्हणाली, "बाळा, आधी बोलला असतास तर मी माझ्या डालून ठेवल्या असत्या."

रोग कोणता होता?

पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले, राणीखेत. आपल्याकडे याला मानमोडी म्हणतात किंवा नुसतेच 'मर लागली' म्हणतात. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे तो आढळला म्हणून जगात त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. आपल्या देशात आताच्या उत्तराखंडातील राणीखेत गावाचे नाव त्याला चिकटले. हा विषाणूचा रोग आहे. देवीचा कोप नाही की कोणाची नजर नाही. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून, नाका-चोचीच्या स्रावातून, दाण्यापाण्यातून तो पसरतो. आपल्या चपलांना आणि डालग्याला लागूनही तो या घरातून त्या घरात जातो. लस न टोचलेल्या कळपात शिरला तर बहुतेक सारा कळप नेतो. एकदा लागला की त्यावर औषध नाही.

मात्र खुराड्यातली प्रत्येक मर मानमोडीच असते, असेही नाही. पिल्लांना रक्ताची हगवण लागते, तिच्यावर वेळेत औषध मिळाले तर पिल्ले वाचतात. देवीच्या रोगात तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या येतात. म्हणून घरच्या घरी निदान करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या त्याने मेल्या. त्यातही कोंबड्या अशाच झपाट्याने मरतात. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. बर्ड फ्लू क्वचित माणसालाही होतो. म्हणून मेलेली किंवा मरायला टेकलेली कोंबडी सोलून खाऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये. एकदम मर लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे. दवाखाना लांब असेल तर १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर सांगावे.

त्यानंतरचे दिवस

डॉक्टरांनी आजारी कोंबड्या वेगळ्या काढायला लावल्या. सावलीत गोणपाट अंथरून त्यांना ठेवले. आधी चांगल्यांना दाणापाणी, मग आजाऱ्यांना, आणि नंतर साबणाने हातपाय धुणे, असा क्रम लावून दिला. मेलेल्यांसाठी घरापासून आणि विहिरीपासून दूर खोल खड्डा खणून, वर चुना टाकून पुरायला सांगितले. पहिली कोंबडी आम्ही नाल्यावर टाकली होती, तिथून कुत्र्यांनी आणि कावळ्यांनी रोग कुठे कुठे नेला असेल, कोण जाणे.

मुलीने चंद्रीला सहा दिवस थेंब थेंब पाणी आणि भिजवलेली कणी भरवली. सातव्या दिवशी ती गेली. मुलगी जेवली नाही. घरात कोणीतरी म्हणाले, "कोंबडीसाठी काय रडतेस, दुसरी आणू." आम्ही त्यांना थांबवले. ज्या जिवाला हाताने भरवले त्याच्यासाठी रडू येणारच, आणि ते येऊ द्यावे. चंद्रीला पुरताना मुलीला बरोबर नेले. परत येताना तिने विचारले, "बाबा, मला लहानपणी टोचून आणलं होतं. मग चंद्रीला का नाही?"

तिला खरे तेच सांगितले. लस होती, फुकट किंवा अगदी थोड्या पैशात मिळाली असती, पण बाबांनी कधी चौकशी केली नाही. मुलांपुढे चूक कबूल करायला जड जाते. तरी 'तिला देवाने नेले' असे सांगून मोकळे होण्यापेक्षा ते बरे, असे आमचे मत झाले.

उरलेल्या चार कोंबड्या कोंडूनच ठेवल्या. विकल्या नाहीत, कोणाला दिल्या नाहीत. खुराड्यातले जुने तूस जाळले, जमीन खरवडून काढली, भिंतींना चुना दिला, भांडी धुण्याच्या सोड्याने उकळून उन्हात टाकली. आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नवे पाखरू आणले नाही. ते रिकामे खुराडे रोज सकाळी पाहणे हीच मोठी शिक्षा होती. पत्नी तर सवयीने दोनदा मूठभर दाणे घेऊन दाराशी गेली.

एकट्याने का भागत नाही?

मानमोडीची लस आपल्याच राज्यात, पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. सहा ते आठ आठवड्यांचे झाले की आर-टू-बी लस टोचतात. पुढे किती महिन्यांनी पुन्हा द्यायची, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आजारी कोंबडीला लस देत नाहीत. लस धडधाकट कोंबडीसाठी असते.

अडचण वेगळीच आहे. लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांपुरती लस असते. ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घरासाठी बाटली कोण फोडणार? म्हणून कोणीच फोडत नाही आणि दर उन्हाळ्यात वस्ती रिकामी होते.

याला उपाय एकच, सगळ्यांनी मिळून टोचणे. गेल्या वर्षी हिवाळा सरता सरता आम्ही वहीत घरवार यादी केली. १७ घरे, १३० पाखरे. दवाखान्यात अर्ज दिला. रविवारी पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच, थर्मासात बर्फ घालून लस आणली. बायका एकेक कोंबडी धरून देत होत्या, पोरे पायाला दोरा बांधत होती, म्हणजे टोचलेली आणि राहिलेली ओळखू यावी. ऊन वर यायच्या आत काम संपले. तो उन्हाळा वस्तीतल्या कोंबड्यांनी सुखरूप काढला.

नव्या कोंबड्यांसाठी वस्तीने एक नियम केला आहे. बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी डालायची, मग कळपात सोडायची. दुसरा नियम असा की, कोणाचीही एक जरी कोंबडी अचानक मेली तरी त्याच दिवशी चारही बाजूंच्या घरांत सांगायचे. सांगणाऱ्याला कोणी नावे ठेवायची नाहीत.

मावशीला आम्ही आमच्या नव्या पिल्लांतल्या दोन तलंगा नेऊन दिल्या. नऊच्या बदल्यात दोन. हिशेब जुळत नाही, हे आम्हाला कळते. बाकी आमच्या नावावर आहे. तिने तलंगा ठेवून घेतल्या, उलटून पाहिल्या आणि विचारले, "टोचल्यात ना?"

आम्ही हो म्हणालो. आपापल्या वस्तीत हाच प्रश्न एकमेकांना विचारावा, एवढीच वाचक बंधू-भगिनींना विनंती.